आत्याचं टेबल आणि अकरा मॉड्यूल

आमची आत्या एका इस्पितळाच्या तळघरात मॉड्यूलना नावं लिहून देते. मॉड्यूल म्हणजे बोटाएवढा धातूचा तुकडा. तो नेटवर्कच्या पेटीत खोचला की काचेच्या तारेतून प्रकाश धावतो आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांना एक्स-रे दिसतो. पण पेटी मोठी मानी. मॉड्यूलच्या चिपमध्ये आपल्याच कंपनीचं नाव नसेल, तर ती त्याला दारातही उभं करत नाही. आत्या परक्या कंपनीचं मॉड्यूल आपल्या यंत्रात बसवते, चिपमध्ये हवं ते नाव लिहिते, आणि पेटी मुकाट्याने आत घेते.

आतोबा तिला चिडवतात, दिवसभर खोटी ओळखपत्रं करतेस म्हणून. आत्या म्हणते, माझ्या माहेरी तुमचंही मीच करून दिलं होतं.

मध्यंतरी तपासणीचे साहेब आले. निम्म्याहून जास्त मॉड्यूल नकली सापडली तर आत्याचं टेबल बंद आणि तिची बदली चौकशी खिडकीवर, असं ठरलेलंच होतं. सतरा वर्षं त्या टेबलावर काढलेली आत्या आदल्या दिवशी धड जेवली नाही.

साहेबांनी लॅपटॉप जोडला. अठ्ठेचाळीसपैकी अकरा नावं लाल झाली. ती अकरा त्यांनी उपटून भंगाराच्या ट्रेमध्ये टाकली.

आत्या बघतच राहिली. पेटीबरोबर सीलबंद आलेली, कंपनीची खरी मॉड्यूल होती ती तेवढीच. मधल्या काळात कंपनी विकली गेली, नाव बदललं. पेटीच्या नव्या सॉफ्टवेअरला जुनं नाव ओळखू येईना. उरलेल्या सदतिसांवर आत्याने गेल्याच महिन्यात नवं नाव लिहिलं होतं.

गप्प बसली असती तर टेबल वाचत होतं. पण चांगला माल भंगारात जाताना तिला बघवेना.

"साहेब, खरी ही अकराच आहेत. बाकीची मी लिहिलेली."

"बाई, स्क्रीन खोटं सांगेल का?"

"तिला काय सांगायचं ते मीच शिकवलंय."

साहेब मनापासून हसले. बाईंचा स्वभाव विनोदी आहे, असं ते जाताना म्हणालेही.

अहवाल आला. टेबल चालू ठेवावं. अकरा नकली मॉड्यूल फेकू नयेत, तंत्रज्ञ बाईंनी ती उरलेल्या सदतिसांच्या दर्जाला आणावीत. आत्याने एकेक यंत्रात बसवलं आणि कंपनीच्याच मालावर कंपनीचं नाव लिहिलं. पेटीने लगेच ओळख दाखवली.

अहवालाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: बाईंना खरं-खोटं ओळखण्याचं प्रशिक्षण द्यावं. ते सोमवारी आहे. शिकवायला साहेब स्वतः येणार आहेत.