कमाल होडेकरचा पायातला क्लच

कमाल होडेकर आमच्या नाचणे गावातल्या घरी मासळी घेऊन यायचा तो मोटारसायकलवर. ती गाडी पूर्वी आमचीच. महायुद्ध संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या विकायला काढल्या, त्यांतली एक बीएसए माझ्या यजमानांनी घेतली होती. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि सगळा तालुका त्यांनी तिच्यावर पालथा घातला. ते गेल्यावर गाडी बराच काळ पडवीत उभी राहिली. मग एक दिवस कमालने ती मागितली आणि मी दिली.

कमालने तिच्या मागे दोन्ही बाजूंना टोपल्या बांधल्या आणि हँडलला रबरी फुग्याचा भोंगा लावला. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घ्यायची, बर्फ घालायचा आणि नाचणे, पोमेंडी करत हरचेरीपर्यंत जायचे, असा त्याचा रोजचा फेरा. भोंगा ऐकला की बायका ताटल्या घेऊन दारात यायच्या. कोणाच्या घरी कोणता वार पाळतात हे त्याला पाठ होते. आमच्याकडे सोमवार. सोमवारी तो आमच्या दारावरून जाई, पण भोंगा वाजवत नसे. मी त्याला हे कधी सांगितले नव्हते. त्याने आपणच ओळखले होते.

१९८३ च्या मे अखेरीस, पावसाळ्यासाठी मासेमारीची लाँच किनाऱ्यावर ओढून घेताना कमाल मदतीला गेला. दोर कप्पीत जात होता, त्यात त्याचा डावा हात सापडला. अंगठा आणि तळवा राहिला, चारही बोटे गेली.

जुलैत तो आणि त्याची बायको आसिया माझ्याकडे आली. हाताला पांढरे फडके होते. बसल्या बसल्या त्याने विचारले, "वैनी, साहेबांचं ते इंग्रजी पुस्तक हाय का? गाडीचं?"

पुस्तक होते. मी ते काढून दिले तर म्हणाला, "मना देऊन काय उपयोग? आप्पाकडे चला, वाचून दाखवा."

आप्पा सागवेकरचे गॅरेज साळवी स्टॉपला होते. ट्रकपासून लाँचच्या इंजिनापर्यंत सगळे तो करी. तिथे मला अडचण नीट कळली. क्लच डाव्या हाताने ओढायचा असतो आणि कमालला ओढायला बोटे नव्हती.

"मग क्लच उजव्या हाताला आणा," मी म्हटले.

"उजव्या हाताला अॅक्सिलरेटर हाय, पुढचा ब्रेक हाय," आप्पा म्हणाला. "त्या एका हाताला किती कामं सांगायची, वैनी? तो पण रजा मागेल."

त्या बीएसएचा गिअर उजव्या पायाने टाकायचा आणि मागचा ब्रेक डाव्या पायाने दाबायचा. आप्पाचे म्हणणे असे, की क्लच उजव्या पायाला द्यावा, म्हणजे त्या पायाचा गिअर मोकळा करून वर टाकीजवळ आणावा लागेल. तिथे एक दांडा उभा करायचा आणि तो उजव्या हाताने पुढेमागे करायचा. गिअर बदलताना अॅक्सिलरेटर सोडावाच लागतो, तेव्हा तो हात तेवढ्यापुरता मोकळाच असतो. डाव्या हाताने फक्त हँडल धरायचे. त्याला तळवा पुरे. मी पुस्तकातली क्लचची आणि गिअरबॉक्सची पाने वाचून मराठीत सांगितली. दांड्याचा उल्लेख पुस्तकात नव्हता, पण कोणती पट्टी कुठे फिरते हे आप्पाला त्यातून समजले.

आसिया सगळा वेळ दारात उभी होती. तिचा भाऊ गनी मस्कतला एका कंपनीच्या गोदामावर होता आणि ईदला सुट्टीवर आला होता. कमालला तिथे वॉचमनची जागा मिळवून देतो, असे त्याने सांगितले होते. त्यासाठी तो सप्टेंबरात परत जाताना कमालचा पासपोर्ट बरोबर नेणार होता. कमालला जायचे नव्हते. नारळी पौर्णिमेनंतर मासळी सुरू होईल, तेव्हा फेरा करून दाखवतो, नाहीतर पासपोर्ट घेऊन जा, असे त्याने गनीला सांगून ठेवले होते.

गनीचा स्वभाव वाईट नव्हता. जाता येता गॅरेजमध्ये डोकावे. "दुल्हाभाई, त्यापेक्षा लूना घ्या. तिला क्लचच नाय."

"घेतो," कमाल म्हणे. "दोन टोपल्या लादून पोमेंडीच्या चढावर ती ढकलायला तू रजा वाढव."

पौर्णिमा झाली आणि पहिल्या बांगड्यांबरोबर कमाल निघाला. माझ्या दाराशी थांबून त्याने भोंगा वाजवला. डाव्या तळव्याने फुगा हँडलवर दाबून वाजवायची युक्ती त्याने काढली होती. सपाटीवर गाडी छान चालत होती. दांडा ओढताना खट् असा आवाज येई, तो मला पुढे दूरवरून ओळखू येऊ लागला.

पोमेंडीच्या चढावर समोरून एस.टी. आली. रस्ता अरुंद आणि कडेला शेवाळ, म्हणून कमालला चढावर मध्येच थांबावे लागले. उजवा पाय क्लचवर दाबून धरलेला, डावा पाय ब्रेकवर, उजवा हात गिअरच्या दांड्यावर. जमिनीवर टेकायला पाय उरला नाही. तोल जाऊ लागला तसा त्याने घाबरून उजवा पाय उचलला. क्लच सुटला, गाडीने उडी घेतली आणि तो गाडीसकट गटारात गेला. बांगडे चढभर पसरले. एस.टी.तल्या लोकांनी उतरून ते गोळा केले. बहुतेकांनी टोपलीत टाकले, काहींनी पिशवीत.

त्याला खरचटण्यापलीकडे लागले नाही. पण संध्याकाळी आसिया माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वैनी, मी पासपोर्ट काढून ठेवलाय. गनी नेऊ दे."

आसियाचे वडील जहाजावर होते. तिने बाप पाहिला तो सुट्टीपुरता. नवरा परमुलखात जाऊ नये असे तिलाच सगळ्यांहून जास्त वाटत होते, हे मला ठाऊक होते. माझ्याकडची कोळंबी सोलायची राहिली होती, तर तिने विळी ओढून घेतली आणि सोलत बसली. माझ्या विळीचे पाते सैल झाले होते. ते सारखे खाली पडू पाहत होते.

"ही तुमची विळी एक दिवस बोट घेईल," ती म्हणाली. "आमची पण अशीच होती. यांनी स्क्रूखाली चामड्याची चकती घातली आणि आवळली. आता पातं अर्धं उघडलं तर अर्ध्यावरच राहतं." मग कोळंबी हातात तशीच धरून ती थांबली. "वैनी, ते पायातलं पण असं राहिलं तर?"

"काय?"

"क्लच. पाय काढला तरी दाबलेला राहील असा. मग पाय टेकता येईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गॅरेजात गेलो. आसियाने घरची विळीच नेली होती. तिने आप्पासमोर पाते उघडून अर्ध्यावर ठेवले आणि हात काढून घेतला. आप्पाने ते दोनदा उघडमीट केले.

"चामडं टिकायचं नाय," तो म्हणाला. "क्लचच्या स्प्रिंगा जोर करतील. ब्रेकचं लायनिंग कापून घालू." थोड्या वेळाने म्हणाला, "ही विळी इथंच ठेवून जा."

"आणि मासे कशावर कापू? तुझ्या डोक्यावर?" आसियाने विळी उचलली.

आप्पाने पेडल दोन टोकांचे केले. टाचेने दाबले की क्लच दाबला जायचा, चवड्याने दाबले की सुटायचा. बिजागरीत लायनिंगच्या चकत्या घालून वरून नट आवळला, त्यामुळे पेडल जिथे सोडावे तिथेच राही. नट फार आवळला तर पेडल हलेना, सैल ठेवला तर सरकू लागे. बरोबर बसवण्यात तीन-चार दिवस गेले. कमाल रोज रिकामी गाडी घेऊन चढावर जाई, मध्येच थांबे, पुन्हा निघे. पोमेंडीची पोरे तिथे बसून पाहत. तो पडला नाही म्हणून ती एकदोन दिवसांत कंटाळली.

गनी निघायच्या आदल्या दिवशी कमालने त्याला मागे बसवून फेऱ्यावर नेले. टोपल्या भरलेल्या. परतताना दोघे माझ्याकडे पाणी प्यायला थांबले. गनीच्या मस्कतच्या पांढऱ्या बुटांवर बर्फाचे आणि मासळीचे पाणी ठिबकले होते.

"चढावर थांबवलीन," गनी मला सांगू लागला. "मुद्दाम. समोर काय नाय, गाय नाय, गाडी नाय. हातातला ब्रेक धरून दोन्ही पाय खाली टेकले आणि मना विचारतो, तुझ्या गोदामाचं शटर सकाळी किती वाजता उघडतात?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मी टोपली धरून बसलो होतो. म्हटलं, आधी गाडी वर तरी ने."

कमाल भांडे खाली ठेवून हसत होता. गनीने बुटावरचे पाणी झटकले. "पासपोर्ट कपाटातच राहू दे, म्हणून आसियाला सांगतो," तो म्हणाला. "तिकडे याला कोण घेईल? वॉचमनने गप्प बसायचं असतं."

गनी रविवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, तेव्हा वळणाजवळ गाडीचा आवाज आला. दांडा ओढल्याचे खट् ऐकू आले, आणि गाडी दारावरून पोमेंडीकडे गेली. सोमवार होता. भोंगा वाजला नाही.