सुनंदाताईंची दोन दिवसांची रजा

शनिवारी आमच्या कंपनीने आमच्या बायकांना भातलावणी शिकवली. हो, बरोबर वाचलंत. कर्जत-खालापूरच्या बायकांना... भातलावणी!

मी खालापूरजवळच्या एका कारखान्यात एचआरला आहे. बाटल्यांची झाकणं बनवतो आम्ही. पॅकिंगला सगळ्या आसपासच्या गावांतल्या बायका, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या घरी थोडंफार भात.

आमच्या मुंबईच्या हेड ऑफिसला अधूनमधून साक्षात्कार होतो, की कर्मचाऱ्यांचं एंगेजमेंट वाढवायला हवं. मागच्या वेळी प्रत्येक मशीनवर हसरे चेहरे चिकटवले होते. मशीन बंद पडायचं ते पडायचंच. या वेळी ठरलं, कर्जतच्या एका रिसॉर्टवर टीम बिल्डिंग. अ‍ॅक्टिव्हिटी नंबर एक... 'मातीशी नातं जोडा'. म्हणजे लावणी.

आता खरी मेख ऐका. आमच्या सुनंदाताई पॅकिंगला सगळ्यांत जुन्या. त्यांनी जूनमध्येच दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला होता. कारण, लावणी. प्लँट मॅनेजर साहेब म्हणाले, जुलैत डिस्पॅच आहे, एकही माणूस सोडता येणार नाही. त्या अर्जावर 'नामंजूर' लिहून सही कोणी केली? मीच.

आणि आता त्याच जुलैत, त्याच लावणीसाठी, अख्खी लाइन दिवसभर बंद! वर हजेरी सक्तीची. डोकं फिरणार नाही तर काय होईल माणसाचं?

बसमध्ये सुनंदाताई खिडकीशी बसून बाहेरची शेतं बघत होत्या. शेजारच्या भीमाबाईंनी मला हळूच सांगितलं... शुक्रवारी सुनंदाताईंच्या दोन्ही खाचरांत चिखलणी झालीय, सासूबाईंनी रोपं काढून जुड्या बांधून ठेवल्यात. मिस्टर ट्रकवर, गुजरातला. या दिवसांत मजूर मिळत नाही, जो तो आपापल्या शेतात वाकलेला. काढलेली रोपं किती दिवस वाट बघणार? मला बसमध्ये बसवेना.

रिसॉर्टवर ट्रेनर हजर. नवे कोरे गमबूट, गळ्यात माइक. आधी सगळ्यांना गोलात उभं केलं आणि विचारलं, तुम्ही झाड असता तर कोणतं झाड असता? भीमाबाई म्हणाल्या, "करवंदाची जाळी. काटं असत्यात, कोण हात लावत नाय." ट्रेनर म्हणाला, ब्यूटिफुल!

मग त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. एकेक रोप दोन बोटांत धरून, पुढे पुढे चालत. लावणी मागे मागे सरकत करतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. हा बाबा लावत होता आणि स्वतःच्याच पायाने तुडवत होता! "आरं दादा, मागं सरक मागं!" बायकांनी नुसता गिल्ला केला. सुनंदाताई तेवढ्या हसल्या नाहीत.

तीन तासांची अ‍ॅक्टिव्हिटी बायकांनी चाळीस मिनिटांत उरकली. ट्रेनर घड्याळाकडे बघत बसला. पुढे डीजे, रेन डान्स आणि फीडबॅक फॉर्म...

तेवढ्यात चिखलाने भरलेल्या हातांनी सुनंदाताई माझ्याकडे आल्या. "मॅडम, बस पाचपातुर आपलीच हाय ना? माझं शेत हितनं धा मिनटं हाय." एवढंच बोलल्या.

साहेबांना फोन करावा म्हणून मोबाइल काढलासुद्धा... पण उत्तर काय येणार ते मला पाठ होतं. अर्जावरची माझी सही डोळ्यांपुढे आली. मोबाइल पर्समध्ये टाकला आणि ड्रायव्हरला म्हटलं, काढा गाडी.

"चला गं!" भीमाबाईंनी हाक दिली आणि बावीस बायका चिखलाच्या पायांनी बसमध्ये. सासूबाई बांधावर एकट्याच उभ्या होत्या. कंपनीची बस बघून घाबरल्याच बिचाऱ्या, वाटलं सुनेला काही झालं!

कोणी लीडर नेमला नाही, कोणाला रोल दिला नाही. कोणी जुड्या टाकल्या, कोणी ओळ धरली, आणि साडेचारला दोन्ही खाचरं लावून झाली. मीही वाकले, आणि पंधरा मिनिटांत कंबर धरून बांधावर बसले. दहिवलीच्या फ्लॅटमध्ये राहून सवयच मोडलीय. ट्रेनरही आला होता, जाणार कुठे? या वेळी मात्र मागे मागे सरकत होता.

परतीच्या वाटेवर फीडबॅक फॉर्म भरून घेतले. 'कंपनीकडून तुमची काय अपेक्षा आहे?' या प्रश्नापुढे सुनंदाताईंनी दोनच शब्द लिहिले होते. 'अर्ज दिलाय.'

सोमवारी हेड ऑफिसचा मेल. सगळ्यांचा सहभाग, आतापर्यंतचा सर्वोत्तम एंगेजमेंट डे, वगैरे वगैरे. सोबत ट्रेनरने काढलेले फोटो... सगळेच्या सगळे सुनंदाताईंच्या शेतातले! साहेबांना शाबासकी मिळाली ती वेगळीच.

मी त्या मेलची प्रिंट काढली. माझ्या ड्रॉवरमध्ये लावणीच्या रजेचे आणखी सात नामंजूर अर्ज पडून होते. त्यांच्यावर ती प्रिंट टाचली आणि गठ्ठा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. बस काही रोज मिळत नाही ना! चार अर्जांवर सह्या झाल्यात. तीन अजून अडकलेत, म्हणून मी रोज सकाळी त्यांच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहते. चिडतात, चिडू देत.

पण एक गोष्ट जात नाहीये डोक्यातून. शनिवारी बसमधून उतरताना सुनंदाताईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "लय उपकार झालं, मॅडम."

उपकार कसले हो, ताई... दोन दिवसांची रजा होती ती. तुमच्या हक्काची.