अमेरिकेचं दूध

लढाई संपली त्या भादव्यात माझा पहिला मुलगा महिन्याचा होता आणि माझं दूध आटलं होतं. बाळंतपणातल्या तापात गेलं ते गेलंच. गाईचं पाजलं, शेळीचं पाजलं; पोटात काही ठरेना. पोराचं रडणं रोज बारीक होत चाललं होतं. मधेच ते गप्प झालं की मी धावत पाळण्याशी जाई.

आम्ही बोरगावचे जैन, घरची तंबाखूची शेती. निपाणीच्या वखारीत कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाची आणि हे घरी येऊन ते आम्हाला सांगत. अमेरिकेनं एक बॉम्ब टाकला आणि अख्खं शहर होत्याचं नव्हतं झालं, हे ऐकलं तेव्हा सासूबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालणारी बाई ती. विमान आमच्याच कौलांवर येणार असल्यासारखी मी पोराला पदराखाली घेऊन बसे.

आणि बेळगावच्या डॉक्टरांकडून हे जो डबा घेऊन आले, तो नेमका अमेरिकेचा. दुधाची पूड.

"माणसं जाळली त्यांनी, आन् त्यांचं दूध आपल्या पोराला?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, दुसरा इलाज न्हाय म्हणालेत डॉक्टर," हे म्हणाले आणि मान खाली घालून बाहेर गेले.

पावसाळ्यात पिठात जीव होतात म्हणून तीन दिवसांपलीकडचं पीठ आमच्याकडे चालत नसे. ही पूड कधी जहाजात चढली कुणास ठाऊक! तरी मी ती कोमट पाण्यात कालवली आणि सवयीनं गाळली. फडक्यावर गुठळ्या राहिल्या. आमच्यात पाणी गाळलेलं फडकं कुठंही झटकत नाहीत. त्यात जीव असतात. ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत ते परत सोडायचे. सासूबाई त्या गुठळ्यांकडे बघत राहिल्या.

"हे कुठं सोडायचं गं? ह्यांची हीर कुठली?"

हसण्यासारखंच होतं, पण हसू आलं नाही. यात विष असलं तर? पाप असलं तर ते पोराच्याच माथी बसणार.

सासूबाईंचा दशलक्षण पर्वाचा उपवास चालू होता, पाण्याशिवाय पोटात काही नाही. त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली.

"आत्ती, उपास हाय तुमचा!"

"मोडला. मुनीम्हाराजांकडं प्रायश्चित्त मागीन. मी मेले तर लई काय बिघडत न्हाय."

घटाघटा प्याल्या आणि उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या. मी एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा पोराकडे. त्यांनी डोळे मिटले की माझा जीव उडे. ऊन अंगणभर झालं. पोराचे ओठ सुकले होते.

"पाज," त्या एकदाच्या म्हणाल्या.

मी नवं दूध कालवून बोंडलं पोराच्या तोंडाला लावलं. पहिलं पोटात ठरलं. दुसरं तर त्यानं चुटुचुटु ओढून संपवलं. सासूबाई जवळ सरकल्या, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "जिथं त्यो बॉम्ब पडला, तिथल्या बाळंतिणी काय करत असतील गं?"

मी डबा उघडून आत बघितलं. डबा लहानच होता. हा संपला आणि अमेरिकेनं दुसरा धाडलाच नाही तर, या भीतीनं मी झाकण घट्ट दाबून बसवलं.