बाबांच्या सायकलचे एकच चेनव्हील

आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे निबंध तपासणाऱ्या बाईने साठी उलटल्यावर स्वतःच लिहायला बसावे, हा आगाऊपणा आहे. वाचकांनी तो आधीच पोटात घालावा. शिवाय मला लिहायचे आहे ते एका सायकलच्या पुढच्या गिअरविषयी, आणि गिअरची सायकल मी आजवर एकदाही चालवलेली नाही. पण ज्यांनी चालवली ते माझे वडील होते आणि ज्यांनी दुरुस्त केली ते माझे पती. दोघांचाही स्वभाव लिहिण्याचा नव्हता. म्हणून हे काम माझ्याकडे आले, असे मी मनाशी धरून चालले आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्याची. मी लग्नानंतर रोह्याला राहत होते आणि तिथल्याच शाळेत शिकवत होते. आईवडील पेणला. वडील गणपतीच्या मूर्तींची आखणी करीत, म्हणजे डोळे रंगवीत. मूर्ती साच्यातून काढणारे, घासणारे, देहरंग फवारणारे, दागिने सोनेरी करणारे, असे कारखान्यात निरनिराळे हात असतात. डोळे मात्र सर्वांत शेवटी आणि मोजक्याच माणसांकडून. रंगून तयार झालेली मूर्ती उचलून आखणाऱ्याच्या घरी नेता येत नाही. आखणाऱ्यानेच तिच्याकडे जायचे असते. त्यामुळे आषाढ लागला की बाबा कुंचल्यांची पत्र्याची पेटी कॅरिअरला बांधून एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात फिरत. पेणमधले कारखाने संपले की रामवाडीवरून महामार्गाला लागायचे आणि थेट हमरापूर गाठायचे.

त्यांची जुनी काळी सायकल जड होती आणि गुडघे कुरकुरू लागले होते. खाडीकडून समोरचा वारा सुटला की त्यांना उतरून सायकल हातात धरावी लागे. आमचे शेजारी आखातात नोकरीला होते. आई त्यांना भाई म्हणे, आम्ही चाचा. त्यांनी हे पाहिले असावे. एका रजेला ते येताना गिअरची सायकल घेऊन आले. जाड टायरची, आडव्या दांडीची, निळी. पुढे पायडलांपाशी तीन चेनव्हील, म्हणजे चेन ओढणारी दातेरी चाके, मागे दातेरी चकत्यांचा गठ्ठा. "तिकडं पोरं डोंगरात चालवतात ही," चाचा म्हणाले. बाबा म्हणाले, "मग हमरापूरला जाईलच."

ती गेली, आणि बाबा तिच्यावर खूश होते. अडचण एवढीच, की तिची चेन पडे. पुढच्या तीन चेनव्हीलांमधून चेन हलवण्यासाठी डाव्या मुठीशी एक खटका होता आणि बाबांचा अंगठा त्याच्यावर स्वस्थ बसत नसे. आई म्हणे, "अहो, त्याला कशाला हात लावता?" बाबा म्हणत, "मी लावीत नाय, अंगठा आपसूक जातो." चेन पडली की ते रस्त्याच्या कडेला बसून ती हाताने चढवीत, पागोळीखाली हात धुवीत आणि पुढे निघत. पण चेनची काळी चिकटी नुसत्या पाण्याने जात नाही. अंगठ्याच्या रेषांत ती राहतेच.

हमरापूरच्या कारखान्यात तिने घात केला. दोन मूर्तींच्या सोंडेपाशी, नुकत्याच फवारलेल्या देहरंगावर, बाबांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. देहरंगाला ठिगळ लावता येत नाही; दोन्ही मूर्ती पुन्हा पुऱ्या फवाराव्या लागल्या. कारखान्याचा मालक वयाने माझ्याएवढा. त्याच्या वडिलांपासून बाबा तिथे आखणी करीत आले होते. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "बाबा, चतुर्थी तोंडावर आलीय. पुढल्या खेपेला अंगठा काळा दिसला तर मी दुसऱ्या माणसाला सांगेन. वाईट वाटून घेऊ नका."

हे मला आईने सांगितले. शनिवारची अर्धी शाळा आटोपून मी आणि माझे पती पॅसेंजरने पेणला आलो होतो. बाबा ओसरीवर कुंचले पुशीत बसले होते आणि नेहमीपेक्षा कमी बोलत होते. त्यांचे वय झाले आहे, असे तोवर त्यांना कुणी म्हटले नव्हते. मालकानेही म्हटले नव्हते. पण बाबांनी ते तसे ऐकले असावे, असे मला वाटले.

"एस.टी.नं जा," आई म्हणाली.

"एस.टी. कारखान्याच्या दारात थांबते काय?"

"मग जुनी सायकल काढा."

"आणि गुडघे काय तुझे लावू?"

माझे पती रोह्याच्या एका कंपनीत यंत्रे दुरुस्त करण्याचे काम करीत. शिफ्टवरून आले तरी एखादा पाना खिशात राहून गेलेला असे. ते सायकलपाशी जाऊन बसले आणि त्यांनी चेन बोटांत धरून वाकवली. ती वाकेना. कडी कडीला चिकटलेली. त्यांनी वास घेतला आणि बाबांकडे पाहिले.

"बाबा, हिला तेल कुठलं घातलंत?"

"अळशीचं. पाटांच्या रंगात घालतो तेच. चांगलं, उकळलेलं."

"ते सुकतं."

"सुकतं म्हणून तर घातलं, जावईबापू. ओलं र्‍हायलं तर धूळ धरतं."

यांना हसू आवरेना, आणि ते सासऱ्यांसमोर हसणे बरे नव्हे म्हणून त्यांनी मान खाली घातली. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने बाबा अगदी बरोबर होते. रंगाऱ्याच्या लेखी जे तेल सुकते ते उत्तम, आणि जे सुकत नाही ते भेसळीचे. दर आठवड्याला ते त्या चेनला इमानाने रोगण करीत आले होते. त्यावर कारखान्यातली प्लास्टरची भुकटी बसत होती आणि चेन हळूहळू काठीसारखी होत चालली होती.

चेन काढून रॉकेलमध्ये बुडवली. पण यांचे समाधान झाले नाही. चेन मोकळी झाली तरी तीन चेनव्हील आणि बाबांचा अंगठा जोवर एकत्र आहेत तोवर ती पडणार, असे त्यांचे म्हणणे. मागचे गिअर राहू द्यावेत, गुडघ्यांना ते पुरेत. पुढे मात्र एकच चेनव्हील ठेवावे, खटका काढून टाकावा आणि अंगठ्याला सुट्टी द्यावी.

बाबांना हे रुचले नाही. "दिलेल्या वस्तूतल्या दोन गोष्टी काढून टाकायच्या? त्याला काय वाटंल?"

चाचा तेव्हा रजेवर घरीच होते. बाबा छत्री घेऊन स्वतः विचारायला गेले. मी खिडकीतून ऐकत होते. चाचा म्हणाले, "मला तर वाटलं होतं तुम्ही ती भिंतीला टांगून फुलं वाहाल. चालवता ना? मग काय पाहिजे ते काढा." बाबा परत आले ते बऱ्याच हलक्या पावलांनी.

मग कोणते चेनव्हील ठेवायचे, यावर चर्चा झाली. बाबांना मोठे हवे होते, कारण ते दिसायला भारदस्त. मला सर्वांत लहान बरे वाटत होते, कारण मला त्यांचे गुडघे दिसत होते. हे म्हणाले, मधले. आणि सायकल यांच्या हातात असल्यामुळे मधले ठरले.

लहान चेनव्हील सहज निघाले. मोठे आणि मधले मात्र बोल्टांनी एकत्र आवळलेले होते. मोठे काढून पाहिले तर बोल्ट लांब पडले आणि मधले खुळखुळू लागले. तेव्हा यांनी युक्ती काढली. मोठे चेनव्हील ते पिशवीत घालून रोह्याला घेऊन आले, एका लेथवाल्याकडून त्याचे सगळे दाते उतरवून घेतले आणि नुसती गुळगुळीत चकती परत पेणला नेली. ती पुन्हा आपल्या जागी बसली, बोल्ट घट्ट झाले, आणि चेन बाहेरच्या बाजूला पडू नये म्हणून त्या चकतीचीच भिंत झाली. पायजम्याचा पाय अडकण्याचीही भीती गेली. चेनच्या काही कड्या कमी केल्या आणि तिला शिवणयंत्राचे तेल घातले. अळशीच्या तेलाची बाटली आईने उचलून फडताळात सर्वांत वर ठेवली.

बाबा हे सगळे पाहत होते. चकती बसल्यावर त्यांनी पेटी उघडली आणि मूर्तीच्या मुकुटाला लावतात तो सोनेरी रंग तिच्यावर दोन हात चढवला. "उघडं लोखंड बरं दिसत नाय," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. त्या रात्री सायकलला हात लावायची आम्हाला मनाई होती.

हे त्या आठवड्यात शिफ्टवर होते. पुढच्या शनिवारी मी एकटीच पेणला आले. बाबा सकाळीच हमरापूरला गेले होते. आईने मला दार उघडले आणि ती पुन्हा मोड आलेले वाल सोलायला बसली. मीही वाल घेतले. दुपारभर पाऊस पडत होता आणि आम्ही दोघी सायकलविषयी सोडून सर्व विषयांवर बोललो. शेजारची मुले रस्त्यातून घंटी वाजवत गेली की आई मान वर करी.

बाबा संध्याकाळी आले. सायकल त्यांनी भिंतीला टेकवली, पेटी सोडली, प्लास्टिकचा कागद झटकला. त्यांच्या उजव्या हाताची बोटे काळी होती.

मी शाळेत पन्नास मुलांसमोर उभी राहून बोलत असे. पण घरात मला सरळ प्रश्न कधी विचारता आला नाही, आणि वडिलांना तर नाहीच. मी आत जाऊन चहा केला. बशी थोडी जास्तच भरली, म्हणजे त्यांना ती दोन्ही हातांनी धरावी लागेल. त्यांनी धरली. डाव्या अंगठ्याच्या नखावर बारीक काळ्या रेघा शेजारीशेजारी ओढलेल्या होत्या. डोळा काढण्यापूर्वी कुंचल्याचे टोक ते तिथे तपासून पाहत, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. बोटांचा काळा रंगही तसाच सपाट, कोरडा होता. तळवे पांढुरके होते, प्लास्टरच्या भुकटीचे. त्यांवर तेलाचा एकही डाग नव्हता.

बाबांनी चहाचा घोट घेतला.

"बघून झाले काय गो हात?"

आई आतून म्हणाली, "तिला काय विचारता, मलाच सांगा की."

"पडली नाय," बाबा म्हणाले. "जाताना नाय, येताना नाय. अंगठा दोन-तीनदा गेला तिकडं, पण तिथं काय सापडलं नाय त्याला."

"आणि तो काय म्हणाला?" आईने विचारले. तो म्हणजे कारखान्याचा मालक.

"काय म्हणणार? आधी माझे हात बघितले, मग चकती बघितली. म्हणाला, बाबा, हिचं सोनं आमच्या मुकुटापेक्षा चांगलं बसलंय. उद्या परत बोलावलंय. मांडवाचा मोठा गणपती आखायचा र्‍हायलाय, तो दुसऱ्या कुणाला देत नाय म्हणतो."

एवढे सांगून त्यांनी बशी रिकामी केली आणि ते हात धुवायला मोरीकडे गेले. आईने उरलेले वाल भराभर सोलून टाकले. रोह्याला परतल्यावर मी यांना सगळे सांगितले, तेव्हा यांचा पहिला प्रश्न होता, "तू विचारलं नाहीस?" मी म्हटले, नाही, बशी भरून दिली. ते बराच वेळ हसत होते.

वाचकहो, माझ्या जागी तुम्ही असता, तर दारातच विचारले असते का?