मिस अर्नेस्टीनचं मत

आमच्या शेजारच्या मिस अर्नेस्टीन एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. अटलांटाजवळच्या आमच्या गावात त्यांनी तीस वर्षं स्कूलबस चालवली. या कृष्णवर्णीय बाईंनी एकही निवडणूक चुकवलेली नाही.

गेल्या वेळी त्यांना मतदानाला मीच ड्राइव्ह करून नेलं. तिथे कळलं, की त्या यादीतल्या पत्त्यावर राहत नाहीत अशी कुणा अनोळखी माणसाने हरकत घेतली आहे; इथे कुठलाही मतदार दुसऱ्याच्या नावावर अशी हरकत घेऊ शकतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या दोन महिने मुलीकडे होत्या आणि टपाल तिकडे वळवलं होतं, एवढंच त्याचं निमित्त.

"त्या घरात मी बावन्न वर्षं राहतेय," त्या म्हणाल्या.

टेबलामागची बाई नम्रपणे म्हणाली, "मॅम, तात्पुरती मतपत्रिका भरा. तीन दिवसांत निवडणूक ऑफिसात पुरावा दाखवलात, तर मत मोजू."

दुसऱ्या दिवशी आम्ही विजेचं बिल घेऊन गेलो, तर घराचे कागद मागितले. तिसऱ्या दिवशी ते नेले आणि दोन तास रांगेत उभ्या राहिलो. त्यांचा गुडघा सुजला. मी चिडले, पण मी व्हिसावरची. मला तर मतच नाही.

मत मोजल्याचं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, "जिंकलात की!"

"आमच्या चर्चमधल्या अकरा जणांवर हीच हरकत होती," त्या म्हणाल्या. "सात जणांना तिथवर जायला गाडी नव्हती. त्यांची मतं गेली. मी काय जिंकले?"

पत्र त्यांनी घडी न घालताच टेबलावर टाकलं.