सात वर्षं जागा असलेला गाव्रिल

ओतिलियाला लोकांच्या झोपेचा वीट आला होता. याश शहरातल्या इस्पितळात ती बावीस वर्षं झोपेच्या तपासणीवर होती. संध्याकाळी माणसाच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि तो घोरायला लागला की शेजारच्या खोलीत बसून पडद्यावरच्या रेघा वाचायच्या. अर्ध्या मिनिटाचं एक पान, अशी रात्रीची साडेनऊशे पानं. माणूस जागा आहे, झोपलाय की स्वप्नात आहे, हे दर पानावर ठरवायचं. दुसऱ्यांच्या झोपेची राखण करता करता तिच्या स्वतःच्या झोपेची मात्र पार वाट लागली होती. त्यात तीन आठवडे आई घरी अंथरुणाला खिळलेली.

त्या सकाळी खाटेवर गाव्रिल होता. डोंगराकडच्या गावचा सुतार, वय बासष्ट. सात वर्षांत आपल्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, असं त्याचं म्हणणं. असले जागे ओतिलियाने पुष्कळ पाहिले होते. कुणाला टीव्हीवर झळकायचं असतं, कुणाला सुनेवर रुबाब करायचा असतो. पण गाव्रिल आपणहून आलाच नव्हता. गावच्या पाद्रीबाबांनी त्याला चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. ‘आमच्याकडे कुणी अखेरच्या घटका मोजायला लागलं की घरचे यालाच बोलावतात. हा झोपत नाही म्हणून सगळे निर्धास्त झोपतात आणि हा मेणबत्ती घेऊन बसतो. खरंच झोपत नाही का, ते स्पष्ट लिहा.’

मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती हवीच. नसली, तर पुढच्या वाटेने अंधारात चाचपडत जावं लागतं. दिवसभर यंत्रं हाताळणारी शहरी माणसंसुद्धा या बाबतीत उगाच धोका पत्करत नाहीत. ओतिलियाच्या आईच्या उशाशीही मेणबत्ती आणि काड्यापेटी होतीच.

"पाहिलंत ना बाई?" ती तारा काढत असताना गाव्रिल म्हणाला. "टक्क जागा! रस्त्यावरची गाडीन् गाडी मोजली."

"तीन वाजून दहा मिनिटांनी काय करत होतात?"

"तीनला? परास्कीवानं पाणी मागितलं. उठलो, पाजलं, तिचं तोंड पुसलं आणि आलो परत खुर्चीत."

"परास्कीवा कोण?"

"बायको माझी."

"कुठे असते ती?"

"ती कुठली असायला! गेली की सात वर्षांपूर्वी..."

ओतिलियाने त्याला पडद्यासमोर बसवलं. "गाव्रिलदादा, तुम्ही उठलाच नाहीत. उठला असतात तर या तारा तटातट निघाल्या असत्या. हे बघा, अंग निपचित पडलंय आणि डोळे मात्र पापण्यांखाली सैरावैरा पळतायत. हे स्वप्न. अठरा मिनिटांचं."

"म्हणजे मी झोपेत जागा असतो?"

"जागं असल्याचं स्वप्न पडतं तुम्हाला. झोपलात चांगले पाच तास."

गाव्रिलने पडद्यावरच्या त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ती गेली तेव्हाही मी झोपलो होतो. दिवसभर गवत कापून आलो होतो. जाग आली तर मेणबत्ती माझ्याच हातात, न पेटवलेली. आणि ती गार पडलेली. अंधारात गेली बिचारी, माझ्यामुळे. तेव्हा ठरवलं, आता झोपायचं नाही." त्याने टोपी मुठीत चुरगाळली. "एकतीस जणांपाशी बसलो. एकालाही अंधारात जाऊ दिलं नाही, विचारा गावात. आता तुम्ही हे लिहिलंत तर मला कोण उंबऱ्याच्या आत घेईल? तेवढं एकच काम उरलंय मला."

ओतिलियाला त्याची दया आली आणि रागही आला. असले निकाल द्यायला बरी मीच सापडते! क्षणभर वाटलं, लिहून टाकावं की झोपत नाही, कोण येतंय तपासायला? पण उद्या एखादी म्हातारी अंधारात गेली तर? तिने लिहिलं, ‘पाच तास झोपतात. त्यांना स्वतःला ते कळत नाही. एकट्याला बसवू नये.’

त्याने कागद घडी करून खिशात घातला.

तेवढ्यात फोन वाजला. आईपाशी बसणारी शेजारीण रेवेका बोलत होती. तिला नऊला निघायचं होतं आणि आईचा श्वास काही ठीक वाटत नव्हता. ओतिलियाने कोट चढवला. दोन रात्रींचं जागरण. बाहीत हात जाईना.

"आता कोण बसणार आईपाशी?" फोनवरचं बोलणं ऐकून गाव्रिलने विचारलं.

"मी."

"तुम्ही? बसल्या बसल्या पेंगाल. डोळे बघा आधी आरशात."

"तुमची काय वेगळी कथा? आता तर लेखी आहे."

"मग आळीपाळीने पेंगू. एकट्याला बसवू नये असं तुम्हीच लिहिलंय ना?"

ओतिलियाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

घरी पोचल्यावर गाव्रिल आईच्या खाटेशी गेला आणि टोपी काढून म्हणाला, "मावशी, मी मेणबत्तीपाशी बसायला आलोय. पण आधीच सांगतो, मला झोप लागते. सात वर्षं वाटायचं लागत नाही, आज सकाळीच कळलं."

"सगळ्यांनाच लागते रे," आई पुटपुटली.

"अर्धा तास फक्त, मग तुमची झोपायची पाळी," असं बजावून ओतिलिया बाहेरच्या खोलीत आडवी झाली.

जाग आली तेव्हा ऊन कपाटापर्यंत सरकलं होतं. एक वाजला होता. आतून काहीही आवाज येत नव्हता. ती अनवाणीच धावली.

गाव्रिल खुर्चीत गाढ झोपला होता. मान छातीवर, तोंड उघडं, दोन्ही हात रिकामे. मेणबत्ती आईच्या गोधडीवर होती आणि काड्यापेटी तिच्या मुठीत घट्ट धरलेली.

ओतिलियाने त्याला हलवायला हात पुढे केला. आईने डोळे वटारले.

"उठवू नकोस गं त्याला," ती धापा टाकत कुजबुजली. "सात वर्षांचा दमलाय. मी आहे ना जागी."