सगळ्यात खालचा प्लॉट

हमीदसाहेब नकाशा उघडण्याआधी तांब्याभर पाणी जमिनीवर ओतायचे. ते कुठं पळतं ते उकिडवे बसून बघायचे आणि मगच म्हणायचे, "हां, आता काढा रेघ." वाशीमकडच्या आमच्या लहानशा गावात ते नगरपालिकेचे ओव्हरसियर आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढणारा. गाव कसं वसवावं हे शिकून आलेला तेवढा एकच माणूस, आणि आमची कमिटी त्याला गटारी मोजायला लावायची. आमचं कपाळ, दुसरं काय.

शिकवायची त्यांना भारी हौस. "पयला सबक पान्याचा. दुसरा पायाचा, मानूस जिकडून चालते तोच रस्ता. रेघ सगळ्यात शेवटी. तुमी लोक रेघेपासून सुरू करता, म्हनून गाव बुडते." हे 'बुडते' ते अगदी शांतपणे म्हणायचे.

सरकीचा कारखाना आला, माणसं वाढली, तशी कमिटीनं जुन्या तळ्यात नवी पेठ बसवायची ठरवली. तळं गाळानं भरून कोरडं ठाक पडलेलं. भर सभेत हमीदसाहेब उभे राहिले. "तिथं घरं नका बांधू. टेकड्यायचं सारं पानी तिथंच येते."

अध्यक्ष हसले. "साहेब, तळं मरून जमाना झाला."

"तळं मरत नाई. झोपून राह्यलं ते."

प्लॉट विकले गेले. माझ्या बहिणीनंही दोन लेकरांसह तिथंच संसार मांडला. सगळ्यात खालचा प्लॉट मात्र कुणी घेईना. तो हमीदसाहेबांनी घेतला. मी चक्रावलोच. "साहेब, काहून?"

"पानी आधी माह्या उंबऱ्याले येईन. मंग मी वरच्यायले आवाज देईन."

एकटा जीव. ढग आले की दारात उभा. लोक टिंगल करायचे. दरवर्षी त्यांच्या भिंतीवरची ओल थोडी वर चढायची. तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा ते तिच्यावर हात ठेवायचे. मला ते बघवायचं नाही.

श्रावणातल्या एका दुपारी टेकड्या काळ्या पडल्या. गावात थेंब नव्हता, आणि साहेबांच्या उंबऱ्याला पाणी लागलं. ते थाळी बडवत दारोदार धावले. "निंगा. सामान ऱ्हाऊ द्या, लेकरं घ्या." बहीण लेकरं कवटाळून मारुतीच्या ओट्यावर आली. हळूहळू सारी पेठ आली. शेवटी साहेब एका आंधळ्या म्हातारीला पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून आले. आम्ही तिला वर ओढलं. त्यांचा हात धरायला वाकलो, तेवढ्यात शेजारची भिंत त्यांच्यावर कोसळली. असा माणूस पुन्हा होणे नाही.

पाणी ओसरलं. पुढच्याच उन्हाळ्यात कमिटीनं त्याच जागेत पुन्हा खुंट्या ठोकल्या. बहीणही परतली, बिचारी जाणार तरी कुठं? खालचा प्लॉट मात्र तसाच पडून होता.

तो मी घेतला. आता ढग आले की मी दारात उभा असतो. यंदा भिंतीला ओल आली आहे.